पंखा तुटणारच, असं धरून चला

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल शेख इब्राहिम ऑगस्ट 2021 मध्ये गेला, तेव्हा वाहिन्यांना शेतकरी आत्महत्यांशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी यवतमाळ जिल्ह्याचं नाव घ्यावं लागलं. आठवीनंतर शाळा सुटलेला, पत्र्याची आणि वेल्डिंगची कामं करणारा हा विशीतला पोरगा. गावात त्याला मुन्ना म्हणत. दोनेक वर्षं खपून त्याने एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं, त्यात मारुती 800 चं इंजिन बसवलं आणि त्याला आपलंच नाव दिलं, ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. पंधरा ऑगस्टला ते लोकांना दाखवायचं ठरलं होतं. त्याच्या काही दिवस आधी, रात्रीच्या चाचणीत शेपटीचा पंखा तुटला, वर फिरणाऱ्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्याचा घाव आत बसलेल्या इस्माईलच्या डोक्याला लागला.

मग आठवडाभर सगळे बोलले. निम्मे म्हणाले, केवढी प्रतिभा, देशाने ओळखली नाही. निम्मे म्हणाले, आठवी शिकलेल्याने कशाला हेलिकॉप्टरच्या नादी लागावं. मी पुसदला लेथ चालवतो. टर्नर ट्रेडचा आयटीआय, मग सूतगिरणीतली नोकरी, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप. दिवसभर माझ्यासमोर काही ना काही फिरत असतं. मला यातलं एकही बोलणं पटलं नाही, अजूनही पटत नाही. कारण दोन्ही बोलण्यांत पंख्याबद्दल एक अक्षर नाही. तो का तुटू शकतो, तुटला तर कुठे जातो, आणि तो पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा माणसाने कुठे असावं, हे इस्माईलला कोणी सांगायचं होतं? आपल्या जिल्ह्यात हे सांगणारं माणूस कुठे भेटतं? माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते हेलिकॉप्टरपुरतं नाही.

आधी थोडा हिशेब. ज्याने जोंधळ्याच्या मळ्यात गोफण फिरवली आहे त्याला हाताने कळतं की दगड बाहेर ओढतो, आणि जोरात फिरवला की फारच ओढतो. ते ‘फारच’ किती, ते मात्र हाताला कळत नाही. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते. एक किलोचं पातं घ्या. त्याचं वजन मध्यापासून 40 सेंटिमीटरवर एकवटलंय असं धरा. मिनिटाला 1500 फेरे दिले की ते पातं बुडाच्या बोल्टला जवळजवळ एक टनाने ओढतं. फेरे 3000 केले की चार टन. पातं तेच, बोल्ट तोच, फक्त ॲक्सिलरेटर थोडा जास्त पिळला. कपाट बनवणाऱ्याला, ट्रॉली बनवणाऱ्याला असा अनुभव कधीच येत नाही. तिथे जास्त वजन टाकलं की पत्रा आधी वाकतो, कुरकुरतो, इशारा देतो. फिरणारी वस्तू बऱ्याचदा इशारा देत नाही. दिला तरी तो इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट तोलाची. कूलरच्या पंख्याच्या एका पात्यावर, मध्यापासून दहा सेंटिमीटरवर एक ग्रॅम वजन जास्त असेल, तर 1440 फेऱ्यांना त्या एका ग्रॅमचे सव्वादोनशे ग्रॅमच्या वर होतात, आणि ती ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. म्हणून पंखा थरथरतो. थरथर झाली की धातू थकतो. धातूचं थकणं म्हणजे रोज थोडा थोडा तडा वाढत जाणं. हा तडा सुरू होतो तो ठरलेल्या जागीच: चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात, आट्यांच्या तळाशी, शाफ्टची जाडी जिथे एकदम बदलते तिथे, आणि वेल्डच्या कडेला. आमच्याकडे लोकांचा वेल्डवर फार विश्वास. वेल्ड पक्का असतोही. पण त्याच्या शेजारचा धातू तापून बदललेला असतो, ॲल्युमिनियमचा तर हमखास मऊ पडलेला. तुटलेला शाफ्ट हातात घेतला की त्याच्या तोंडावर हे सगळं वाचता येतं. तडा जुना असेल तिथे भाग गुळगुळीत, काळपट, शिंपल्यासारख्या रेघांचा. शेवटी एका झटक्यात तुटला तो भाग खरबरीत आणि चकचकीत. माझ्याकडे येणारे बरेच शाफ्ट आधीच अर्ध्याच्या वर जुने तुटलेले असतात. शेतकरी म्हणतो, ‘काल अचानक तुटला.’

येतात ते मुख्यतः थ्रेशरचे, ज्याला आमच्याकडे बरेच लोक हडंबा म्हणतात. सोयाबीन काढणीला आलं की दसऱ्याच्या आगेमागे माझ्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. ड्रमचा शाफ्ट वाकला, बेअरिंग बसली, पुली फुटली. एकदा एका ड्रमवरचा दात बोल्टसकट उडून गेला होता आणि मालकाने तसंच मळणं चालू ठेवलं होतं. समजा तो तुकडा शंभर ग्रॅमचा, मध्यापासून एका फुटावर. ड्रम 800 फेऱ्यांनी फिरत असेल तर राहिलेला ड्रम आपल्या बेअरिंगांना वीस किलोच्या वर हिसके देतो, मिनिटाला 800 वेळा, रात्रभर. त्याला मी म्हणालो, त्याच्या समोरचा दात तरी काढून टाकायचा होता. तो म्हणाला, ‘मग माल कसा निघन, काका?’

थ्रेशरपाशी माणसं कशी काम करतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मजुरी बहुतेक पोत्यामागे ठरलेली. ढग आलेले असतात. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, यंत्र तिसऱ्याचं, आणि पुढचं वावर वाट पाहतंय. धुरळ्यामुळे तोंडाला रुमाल, बायांचा पदर डोक्यावरून बांधलेला. ट्रॅक्टरमागून यंत्राकडे जाणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदाला नऊ. बाही किंवा पदर त्यात गेला तर शेजारच्याच्या तोंडून ‘बंद कर’ निघेपर्यंत दहा-वीस वेढे पडलेले असतात. या शाफ्टवर कारखान्यातून प्लास्टिकची नळी येते. ती पहिल्या हंगामात चिरते, दुसऱ्यात निघते आणि पुन्हा कधी बसत नाही.

पट्ट्याच्या जाळीचंही तेच. एकाची पुली बदलून देताना मी सोबत नवी जाळी वेल्ड करून दिली, पैसे न घेता. तो जाताना म्हणाला, ‘काका, ते झाकण काढून घ्या. पट्टा चढवाले तरास होते.’

‘अरे राजा, हात गेला तर?’

‘हात कायले घालते कोणी तिथं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. ते मी दिलंही. पण हात कोणी मुद्दाम घालत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. जाळी असते ती हात चुकून जाणार हे आधीच धरून. गाडी चालवताना आपण पडू असं समजून कोणी हेल्मेट घालत नाही ना, तसंच आपलं यंत्रांशी वागणं. आपल्याला वाटतं, सुरक्षा म्हणजे नीट लक्ष देणं. रात्री दोनला, चाळिसाव्या पोत्याला, नीट लक्ष कुणाचं राहतं?

याचा विचार आधी कोणीच केला नाही असं नाही. शेतीतल्या धोकादायक यंत्रांसाठी संसदेचा 1983 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात थ्रेशरचं नाव घेऊन उल्लेख आहे. भारतीय मानकात थ्रेशरला माल सरकवण्याची पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातली 45 सेंटिमीटर वरून झाकलेली हवी, असं सांगितलंय. हे माप कुणा बाबूने हवेतून काढलेलं नाही. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाचा हात पाऊण मीटरच्या आसपास भरतो. पन्हळ त्याहून लांब असली की माणूस झोपाळला, घसरला, तोल गेला, तरी हात ड्रमपर्यंत पोचत नाही. किती साधी आणि किती हुशार गोष्ट! लक्ष दे, असं ती माणसाला सांगत बसत नाही. विक्रीला उभ्या असलेल्या यंत्राची पन्हळ टेपने मोजणारा सरकारी माणूस मात्र मी माझ्या धंद्यात पाहिलेला नाही. तुमच्या गावातलं थ्रेशर तुम्हीच मोजून बघा.

हात गेल्यावरचा हिशेबही तयार आहे. कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्याला परिशिष्ट होतं, त्यात अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली, एका हाताची चारही बोटं गेली तर पन्नास टक्के, असं लिहिलं होतं. यंत्राने चालणाऱ्या शेतीतला मजूर त्या कायद्यात बसत असे. पण मालक कोण? वावरवाला, ट्रॅक्टरवाला की थ्रेशरवाला? तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे; एक हात किंवा पाय गेला तर एक लाख, मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख. ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला मिळते. थ्रेशरवर माल टाकणारी बाई बहुतेक वेळा भूमिहीन असते. तिचा हात सातबाऱ्यावर नाही.

जिनिंगचं थोडं वेगळं घडलं, आणि ते मला नेहमी खटकतं. 1948 च्या कारखाने कायद्यात फिरत्या भागांना कुंपण, चालत्या यंत्राजवळ अंगाला घट्ट बसणारे कपडे, रुईच्या गाठी बांधतात तिथे कापूस उकलणारं यंत्र चालू असेल त्या भागात बायका-मुलांना बंदी, हे सगळं होतं. तरी वणी, पांढरकवड्याच्या जुन्या जिनांत पट्टे उघडेच फिरत आणि रोलरवर कापूस हाताने सारला जाई. सन 2000 मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन आलं. मग कापूस हवेच्या नळीने जिनापर्यंत जाऊ लागला, हाताने सारणं कमी झालं. कशासाठी? रुईत कचरा, केस, दोरे मिसळू नयेत आणि परदेशी गिरण्यांनी दर पाडू नये म्हणून. बोटं वाचली ती रुई स्वच्छ ठेवण्याच्या नादात. वाचली हे चांगलंच झालं. पण थ्रेशरमधल्या सोयाबीनला असा कोणी नखरेल गिऱ्हाईक नाही, म्हणून तिथली बोटं अजून जातात.

आणि दोष नेहमी गेलेल्याचाच. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं मेली, तेव्हाही पहिला प्रश्न होता की त्यांनी हातमोजे का घातले नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत, प्रश्न विचारणाऱ्याने तासभर हातमोजे घालून दाखवावेत.

आता विमानांकडे येतो, कारण जिथे फिरणाऱ्या भागावर शेकडो जीव टांगलेले असतात तिथले लोक वेगळा विचार करतात. जेट इंजिनाला प्रमाणपत्र देण्याआधी ते पूर्ण वेगात चालवून पुढच्या पंख्याचं एक पातं मुद्दाम, स्फोटक लावून, उडवतात. तुकडे इंजिनाच्या आवरणाबाहेर आले तर इंजिन नापास. जगातल्या सगळ्यांत चांगल्या धातूचं, क्ष-किरणांनी तपासलेलं पातं; तरी बनवणारेच धरून चालतात की हे कधीतरी तुटणार. एवढं करूनही चुकतं. 1989 मध्ये अमेरिकेत सू सिटीला डीसी-10 विमान कोसळून 112 माणसं गेली. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. धातू ओततानाच राहिलेल्या बारीक दोषापासून तडा वर्षानुवर्षं वाढत गेला होता आणि तपासणीत तो नजरेतून सुटला होता. 

हेलिकॉप्टरचंच बघा. वरचा पंखा एका दिशेने फिरला की खालचं धड उलटं फिरू पाहतं. ते थोपवायला शेपटीला आडवा पंखा लागतो. तो छोटा, पण वरच्यापेक्षा कितीतरी जास्त फेऱ्यांनी फिरतो. ही मांडणी जगात रूढ केली इगोर सिकॉर्स्कीने. त्याने हेलिकॉप्टरचा पहिला प्रयत्न 1909 मध्ये कीव्हला केला, जमलं नाही, मग तीस वर्षं विमानं बांधली. 14 सप्टेंबर 1939 ला त्याचं व्हीएस-300 जमिनीवरून उचललं गेलं, तेव्हा ते दोरांनी खाली बांधलेलं होतं. दोर सोडून मोकळं उडायला मे 1940 उजाडला. मागे मोठा कारखाना, हाताशी इंजिनियर, अनुभव तीस वर्षांचा, तरी त्याने आठ महिने दोर सोडले नाहीत. इस्माईलने सिनेमा आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हेलिकॉप्टर बांधलं. व्हिडिओत उडणं दिसतं. दोर बांधून काढलेले महिने, पंखा बंद भिंतींच्या आड फिरवून पाहणं, हे कंटाळवाणं असतं. ते कोण बघणार?

कौतुकाचंही मला सांगायचंय. 2021 च्याच डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेल्या छोट्या जीपचा व्हिडिओ गाजला आणि आनंद महिंद्रांनी त्यांना बदल्यात बोलेरो दिली. छान झालं. लोहारांच्या हाताला सलामच. पण जीप चुकली तर बंद पडते, माणूस उतरून खाली वाकतो. पंखा चुकला तर वाकायला कोणी उरत नाही. आपलं कौतुक हा फरक करत नाही. गिरगाव चौपाटीवर 1895 मध्ये तळपद्यांनी विमान उडवल्याची गोष्ट आपण पुराव्याशिवाय अभिमानाने सांगतो, आणि जो खरंच पाना हातात घेऊन बसलाय त्याला टाळ्या देऊन घरी पाठवतो.

कोणी म्हणेल, रीतसर परवानगी घ्यायची. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. ते स्वतः वैमानिक, तेव्हा विमान कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनाही नोंदणी 2017 मध्ये आणि उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली, ती मंत्रालयापासून दिल्लीपर्यंत उंबरे झिजवल्यावर. फुलसावंगीच्या पत्रा कारागिराने कुणाचा उंबरा झिजवायचा होता? केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत, त्या शाळेत सहावी ते बारावीत नाव असलेल्यांसाठी. त्याची शाळा आठवीला सुटलेली. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे, पुसदला 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्यांना आयटीआय आहेत. सगळीकडे आत जायला आधी प्रवेश अर्ज. यवतमाळला तर विमानतळसुद्धा आहे. 2009 मध्ये तो खासगी कंपनीला 95 वर्षांच्या कराराने देऊन टाकला होता, नियमित विमानसेवेचा पत्ता नसलेला. एवढी मोकळी, कुंपणाची जागा पडीक ठेवण्यापेक्षा तिच्या एका कोपऱ्यात चाचणीची खोली बांधता आली असती. असो.

मला मोठं संशोधन केंद्र नकोय. त्याचं उद्घाटन होतं आणि मग कुलूप. तोल साधणारं एक यंत्र जिल्ह्यात सगळ्यांसाठी उघडं ठेवा. आमच्याकडे काय चालतं ते सांगतो: दोन सपाट धारांवर शाफ्ट ठेवायचा, जड बाजू खाली येते, तिथलं घासून काढायचं. अरुंद पंख्याला हे चालतं. थ्रेशरच्या लांब ड्रमला चालत नाही, कारण एका टोकाला डावीकडे जड आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडे जड असला तर तो धारांवर शांत बसतो आणि फिरवला की नाचतो. तो फिरवूनच तपासावा लागतो. त्यासाठी मला नागपूरचा रस्ता धरावा लागतो, आणि हंगामात एवढा दम कुणालाच नसतो. जागतिक मानकात शेतीयंत्रांच्या फिरत्या भागांना तोलाची पातळी जी 16 ठरलेली आहे, पंख्यांना जी 6.3, आकडा लहान तितका तोल काटेकोर. शेतीला पंख्यांपेक्षा ढिली पातळी दिलीय, आणि आपण तीही गाठत नाही.

दुसरं, तडा दाखवणारे रंगाचे डबे. लाल द्रव फवारायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा, वरून पांढरी पूड फवारायची; तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. याला ना वीज लागते ना डिग्री. प्रत्येक आयटीआयच्या वेल्डिंग विभागाने हंगामाआधी आठवडाभर हे गावकऱ्यांना फुकट करून द्यावं. पोरांचंही शिक्षण होईल.

आणि तिसरं म्हणजे एक खड्डा. जाड भिंतींचा, वर लोखंडी झाकणाचा, इंजिन बाहेरून तारेने कमीजास्त करता येईल असा. त्यात कोणीही आपला पंखा, ड्रम, चाक आणून ठरवलेल्या वेगाच्या वर फिरवून बघावं. तुटला तर खड्ड्यात तुटेल, आणि तुटलेला तुकडा हातात घेऊन मास्तरांशी बसता येईल. प्राचार्य विचारतील, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची? त्यासाठी नियम करा, विमा काढा, एक निदेशक शनिवारी संध्याकाळी बसवा. दिवसा काम करणाऱ्या पोरांना तीच वेळ जमते. तिथे वहीत येणाऱ्याचं शिक्षण लिहून घेऊ नये. पंखा कशाचा, जोड कसा दिलाय, फेरे किती देणार आणि सुरू करताना तू कुठे उभा राहणार, एवढं विचारावं. शेवटच्या प्रश्नाला ‘आत बसणार’ असं उत्तर आलं, तर चहा पाजून त्याला तिथेच थांबवावं आणि आधी पंखा एकटा फिरवायला लावावा.